अष्टापदाच्या पहिल्या पायरीवरून

सन २०१६ च्या उन्हाळ्यात या मासिकाच्या समाजवार्ता विभागात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. द्वारका परिसरातील आमच्या उपाश्रयात दोन भाऊ शाल पांघरून, हातात श्रीफळ घेऊन उभे आहेत आणि खाली ओळ आहे: कैलास-मानसरोवर यात्रेस हार्दिक शुभेच्छा. त्या दोघांतील धाकटा मी. परतल्यावर प्रवासवर्णन लिहून देण्याचे मी संपादकांना कबूल केले होते. ते मी दिले नाही. पुढे दोन वेळा स्मरणपत्रे आली, तेव्हा प्रकृतीचे कारण सांगितले. ते कारण खरे होते. परंतु पूर्ण खरे नव्हते. खरी गोष्ट अशी, की मी कैलास पाहिलेलाच नाही.

आज एकोणसत्तराव्या वर्षी ते राहिलेले लेखन पुरे करीत आहे. करोनाच्या साथीमुळे २०२० पासून बंद असलेली ही यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाने लिपुलेख खिंडीतून ५ व नाथू ला खिंडीतून १०, अशा ५० जणांच्या १५ तुकड्या, म्हणजे एकूण ७५० यात्रेकरू पाठविण्याचे ठरविले. तेव्हापासून समाजातील अनेक कुटुंबे माझ्याकडे चौकशी करीत आहेत. अर्ज कसा करावा, खर्च किती येतो, खाखरे किती न्यावेत, असे सारे प्रश्न येतात. जो प्रश्न प्रथम विचारावयास हवा, तो मात्र कोणी विचारीत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

तयारी आणि एक कागद

प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांची निर्वाणभूमी म्हणून अष्टापदाचे स्थान आपल्या मनात किती उंच आहे, हे वाचकांना सांगावयास नको. भरत चक्रवर्तींनी तेथे चोवीस तीर्थंकरांच्या प्रतिमांसह सिंहनिषद्या प्रासाद उभारला, ही कथा आपण पर्युषणात लहानपणापासून ऐकत आलो. आजच्या भूगोलात अष्टापद नेमके कोणते, याविषयी विद्वानांत एकमत नाही. तरी परंपरा त्याला कैलासाच्या परिसरातच पाहते आणि कैलासाच्या दक्षिणेकडील एका पर्वताला यात्रेकरू अष्टापद म्हणून वंदन करतात. कैलासाची उंची ६,६३८ मीटर आहे. शिखरावर कोणी चढत नाही; त्याभोवती सुमारे ५२ किलोमीटरची प्रदक्षिणा करावयाची, आणि तिच्या वाटेत ५,६३० मीटरवरील डोल्मा ला ही खिंड ओलांडावयाची.

मी मार्चअखेर बँकेतून निवृत्त झालो होतो. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, त्या वेळी चौसष्ट वर्षांचे होते. चाळीस वर्षे धान्याच्या दुकानात गादीवर बसलेला हा मनुष्य यात्रेसाठी सहा महिने रोज पहाटे माझ्याबरोबर चालला. आठवड्यातून दोनदा आम्ही म्हसरूळला जाऊन गजपंथ क्षेत्राच्या चारशेहून अधिक पायऱ्या चढत असू, रविवारी पांडवलेणी. एकदा कळसूबाईही झाले. यात्रेच्या नियमानुसार वय ७० पर्यंत आणि शरीराचे वजन उंचीच्या प्रमाणात, म्हणजे बीएमआय २५ पर्यंतच असावा लागतो. त्यासाठी मी नऊ किलो वजन उतरविले. शरीर हलके झाले. त्याबरोबर मनात थोडी गुर्मी चढली, हे आता कबूल करतो.

त्या गुर्मीला एक साधी गोष्ट सुचली नाही. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, आणि ते १,६४६ मीटर आहे. विरळ हवेचा त्रास साधारणतः २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे ज्या परीक्षेला आम्ही निघालो होतो, तिचा सराव करण्याजोगी जागा आपल्या राज्यात मुळी नाहीच. गजपंथावर पायांची परीक्षा होते. विरळ हवेत आपले रक्त व फुप्फुसे कशी वागतील, हे तेथे कळत नाही.

दिल्लीत गुजराती समाजाच्या वास्तूत मुक्काम, रुग्णालयात तपासण्या, मंत्रालयात कागदपत्रे असे तीन-चार दिवस गेले. रक्तदाबाची एक गोळी मी दोन वर्षांपासून घेत होतो. ती नोंदविली आणि दाब आटोक्यात असल्याने उत्तीर्ण झालो. त्यानंतर सह्या करावयाचे कागद पुढे आले. त्यात एक संमतिपत्र होते: चीनच्या हद्दीत मृत्यू आल्यास अंत्यसंस्कार तेथेच करण्यास माझी हरकत नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो हमीपत्रांवर लोकांच्या सह्या घेतल्या. 'येथे सही करा' म्हणताना समोरच्याच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी क्वचितच केला असेल. त्या कागदावर माझा हात थांबला. दादांनी मात्र चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि म्हणाले, "अरे, हा कागद घाबरवण्यासाठी नाही. वाटेत आठवावा म्हणून आहे."

मला तो वाटेत आठवला नाही.

धारचुला ते गुंजी

आज धारचुल्यापासून लिपुलेखच्या दिशेने मोटाररस्ता झाला आहे. ८ मे २०२० रोजी त्याचे उद्घाटन झाले. आमच्या वेळी नारायण आश्रमापासून पुढे पायीच जावे लागे. सिर्खा, गाला, बुधी, गुंजी असे मुक्काम. गाल्यानंतर ४,४४४ पायऱ्यांचा प्रसिद्ध उतार लागतो. खाली काली नदी इतकी गर्जत असते, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. नदीच्या पलीकडे नेपाळ. वाटेत मालपा येते. १८ ऑगस्ट १९९८ च्या रात्री येथे दरड कोसळून सुमारे ६० यात्रेकरूंसह दोनशेहून अधिक माणसे दगावली. प्रसिद्ध नृत्यांगना प्रोतिमा बेदी त्यांतच होत्या. आम्ही तेथे थांबून नवकार म्हटला.

बुधीच्या पुढे छियालेखची उभी चढण आणि तिच्या माथ्यावर फुलांचे पठार आहे. त्यानंतर गर्ब्यांग हे गाव लागते. व्यापारी वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे. या खोऱ्यातील रं समाजाचे लोक, ज्यांना भोटिया किंवा शौका असेही म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या तिबेटातील तकलाकोट मंडीशी व्यापार करीत. इकडून धान्य, गूळ व कापड जाई. तिकडून मीठ, लोकर व सुहागा येई. मेंढ्यांच्या पाठीवर छोट्या पिशव्या लादून हा माल खिंडीपार नेला जात असे. १९६२ च्या युद्धाने ही उलाढाल एका झटक्यात थांबली. १९९२ मध्ये ती लिपुलेखमार्गे मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली. कोरीव लाकडी दारा-खिडक्यांची गर्ब्यांगची जुनी घरे खचत्या जमिनीबरोबर वाकलेली दिसतात. आपल्याकडच्या जुन्या पेठांतील वाड्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

हे व्यापारी हिवाळा खाली धारचुल्याकडे काढीत आणि उन्हाळ्यात वर सरकत. मेंढी चरत चालते, म्हणून तिच्यामागे येणारा माणूसही सावकाश चालतो. त्यांची ही रीत शरीराला किती मानवणारी होती, ते मला त्याच संध्याकाळी कळले.

त्या दिवशी चतुर्दशी होती. घरी मी दर चतुर्दशीला उपवास करतो. दादांनी आदल्या रात्रीच बजावले होते, "येथे नको. परत गेल्यावर दोन कर." मी ऐकले नाही. इतक्या पवित्र वाटेवर नेम मोडावयाचा, हे मनाला पटेना. आणि खरे सांगावयाचे तर तुकडीतील लोकांनी 'एवढ्या चढणीवर उपवास!' म्हणावे, हेही कोठेतरी हवे होते. तिविहार उपवास होता, उकळलेले पाणी चालले असते. बाटली छियालेखच्या माथ्यावरच संपली. झऱ्याचे पाणी मी घेईना आणि छावणीत उकळलेले पाणी मागून घेण्याचा संकोच वाटला. १७-१८ किलोमीटर चाललो. गुंजीला पोहोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. म्हणजे पाणी बंद. रात्री डोके ठणकू लागले. दोनदा उलटीची भावना झाली. दादा शेजारीच होते, पण त्यांना उठविले नाही. पहाटे नवकारशी होताच पाण्याबरोबर वेदनाशामक गोळी घेतली, कारण दहा वाजता वैद्यकीय तपासणी होती.

गुंजीची तपासणी

गुंजी सुमारे ३,२०० मीटरवर आहे. समुद्रसपाटीच्या तुलनेत तेथे हवेचा दाब जेमतेम दोन-तृतीयांश उरतो. म्हणूनच यात्रेकरूंना येथे एक दिवस विसावा देऊन भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे डॉक्टर पुन्हा तपासतात. येथे अनुत्तीर्ण झालेल्यास पुढे सोडीत नाहीत.

माझा रक्तदाब १८४/११२ भरला. अर्धा तास झोपवून पुन्हा पाहिला; १८०/११०. तरुण डॉक्टरांनी शांतपणे विचारले, डोके दुखते का? मी म्हणालो, नाही. काल पाणी किती घेतले? म्हणालो, तीन लिटर. माझ्यामागे रांगेत उभे असलेले दादा खाली पाहत हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याचा काल उपवास होता. रात्रभर हा झोपलेला नाही. मी जागाच होतो."

कर्जाच्या अर्जात माहिती दडविल्याबद्दल मी आयुष्यात अनेकांना दारातून परत पाठविले होते. त्या क्षणी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी बसलो होतो. सत्य हे आपल्या पाच व्रतांपैकी एक. उपवासाचा नेम सांभाळण्याच्या भरात मी ते व्रत दोन मिनिटांत दोनदा मोडले होते.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक संधी दिली. दाब उतरला नाही. त्यांनी कागदावर शेरा लिहिला आणि म्हणाले, पुढे खिंड आहे, त्यापलीकडे आमची मदत पोहोचत नाही. आज तुम्हाला वाईट वाटेल, पण तुम्ही चालत खाली उतराल.

मला प्रथम आठवला तो उपाश्रयातील सत्कार. नंतर भरलेले पैसे. एम. कॉम. च्या वर्गात आम्ही शिकलो होतो, की बुडालेला खर्च पुढच्या निर्णयात धरू नये. पेपरात ते उत्तर मी अचूक लिहिले असेल. गुंजीत मात्र खर्चाचा आकडा डोळ्यांपुढून हलेना. दादा म्हणाले, "मीही तुझ्याबरोबर येतो." मी नको म्हटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सौदा सुटला तर सुटला. पेढी राहिली पाहिजे," एवढेच बोलून ते तुकडीकडे वळले.

मी माझ्या हमालासोबत बुधीला उतरलो. उतरताना दर तासाला डोके हलके होत गेले. मालपाजवळ तर मी चक्क गुणगुणत होतो. औषध तेच आणि माणूसही तोच होता. फरक होता तो फक्त उंचीचा. नाशिक रोड स्थानकावर उतरलो तो मुद्दाम रात्रीच्या गाडीने. रिक्षा द्वारका चौकाच्या अलीकडेच सोडली आणि गल्लीतून घरी गेलो, कोणी पाहू नये म्हणून.

हवेचा हिशोब

घरी बसून जे वाचले व डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते थोडक्यात मांडतो.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. वर गेल्यावर कमी होतो तो हवेचा दाब. ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. म्हणजे डोल्मा ला खिंडीत एका श्वासात आपल्याला रोजच्या निम्म्याहून कमी प्राणवायू मिळतो. शरीर याला जुळवून घेते, पण सावकाश. त्यासाठी ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा सर्वमान्य संकेत आहे. तरुण व धडधाकट माणसालाही त्रास होऊ शकतो. तालमीने त्यापासून संरक्षण मिळत नाही.

हे ज्ञान आजचे नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत ओलांडताना होसे दे अकोस्ता हा स्पॅनिश धर्मगुरू पेरू देशातील पारियाकाका येथे असाच आजारी पडला. १५९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने लिहून ठेवले, की तेथील हवाच माणसाच्या श्वासाला अपुरी पडावी इतकी विरळ असावी. हवेचा दाब मोजणारे साधन तेव्हा जन्मलेही नव्हते. त्या पर्वतांत आजही पायी भ्रमंती करणारे परदेशी लोक आधी काही दिवस कुस्को शहरात, म्हणजे सुमारे ३,४०० मीटरवर, नुसते राहतात आणि मग वर निघतात. आपल्या पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे १० गिर्यारोहक १५ मे २०१९ रोजी ८,५८६ मीटर उंच कांचनजुंगा शिखरावर पोहोचले. इतक्या कसलेल्या मंडळींनाही शरीर सरावण्यासाठी आधी अनेक दिवस तळाशी द्यावेच लागतात.

आता आपल्या यात्रेकडे पाहू. मोटाररस्ता झाला हे चांगलेच. दरडीखालून चार दिवस चालण्याचा धोका व कष्ट कमी झाले. परंतु पायी वाटेने शरीराला जो वेळ सक्तीने मिळत होता, तोही त्याबरोबर गेला. नेपाळमार्गे जाणाऱ्या खासगी सहलींत तर नेपाळगंजच्या सपाटीवरून विमानाने सिमिकोट आणि तेथून हेलिकॉप्टरने हिल्सा, अशी झेप एक-दोन दिवसांत घेता येते. वेळ वाचतो, असे जाहिरातीत लिहिलेले असते. वाचलेला तो वेळ शरीराच्या खात्यातून गेलेला असतो, आणि पुढे डोल्मा लाच्या चढावर शरीर तो मागते.

म्हणून ज्या कुटुंबांतील वडीलधारी मंडळी जाऊ इच्छितात, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, तपाविषयी. चढण्याच्या दिवसांत उपवास, एकासणा असे नेम न घेता, निघण्यापूर्वीच गुरुमहाराजांशी बोलून पुढचे दिवस ठरवून घ्यावेत. चौविहार पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की कोरड्या, थंड हवेत श्वासावाटेही शरीराचे पाणी जाते. दिवसाचे तीन-साडेतीन लिटर पाणी सूर्यास्ताच्या आत घोट-घोट घेऊन पुरे करावे लागते. त्यासाठी दोन थर्मास न्यावेत आणि उकळलेले पाणी मागण्यात मुळीच संकोच करू नये.

दुसरी, औषधांविषयी. रक्तदाब, मधुमेह, दमा यांची माहिती दडवू नये. विरळ हवेसाठी दिली जाणारी गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. डोकेदुखी दडपण्यासाठी वेदनाशामक घेतल्यास ते बरोबरच्यांना सांगावे.

तिसरी, लक्षणांविषयी. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे ही सुरुवात आहे. ती असेपर्यंत वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही जीवघेण्या अवस्थेची चिन्हे आहेत. तेव्हा सकाळ होण्याची वाट पाहू नये. ताबडतोब खाली उतरविणे हाच खरा उपचार आहे.

चौथी, आणि माझ्या मते पहिली. निघण्यापूर्वी घरात सर्वांनी बसून ठरवावे, की वाटेत कोणाला थांबावे लागले तर त्याच्याबरोबर खाली कोण येईल, आणि घरी परतल्यावर त्याला कोणी काय म्हणावयाचे नाही. हाच तो प्रश्न, जो मला कोणी विचारीत नाही.

पहिली पायरी

दादा यात्रा पूर्ण करून आले. डोल्मा ला त्यांनी पायी ओलांडली. मानसरोवराचे पाणी आणले. सत्कार पुन्हा झाला. त्या सभेत मी मागच्या रांगेत बसलो होतो. दादांनी बोलताना कैलासाचे वर्णन फारसे केलेच नाही. त्यांनी गौतमस्वामींची गोष्ट सांगितली.

श्वेतांबर परंपरेतील ही कथा आपण सारे जाणतो. स्वतःच्या लब्धीने जो अष्टापद चढेल तो त्याच भवी मोक्षाला जाईल, असे ऐकून गौतमस्वामी निघाले. तेथे पंधराशे तापस आधीपासून चढण्याचा यत्न करीत होते. एकाआड एक दिवस उपवास करणारे पाचशे पहिल्या पायरीवर अडकले होते, दोन-दोन उपवास करणारे पाचशे दुसरीवर आणि तीन-तीन उपवास करणारे पाचशे तिसरीवर. आठ पायऱ्यांपैकी चौथी कोणालाच गाठता आली नव्हती. गौतमस्वामी सूर्यकिरणांच्या आधाराने वर गेले, चोवीस जिनांना वंदन करून उतरले. ते पंधराशे तापस त्यांचे शिष्य झाले. गौतमस्वामींनी एका पात्रातील खिरीने सर्वांचे पारणे करविले आणि त्यांना भगवान महावीरांकडे नेले. भगवंतांपाशी पोहोचेपर्यंत त्या पंधराशे जणांना केवलज्ञान झाले होते. अष्टापदाच्या माथ्यावर जाऊन आलेल्या गौतमस्वामींना ते अजून व्हावयाचे होते.

एवढे सांगून दादा थांबले. मागच्या रांगेकडे त्यांनी पाहिले नाही. ते पाहणार नाहीत, हे मला ठाऊक होते. शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीने माझा हात हाती घेतला.

आता माझे डॉक्टर मला इतक्या उंचीवर जाऊ देणार नाहीत, आणि मीही विचारीत नाही. चतुर्दशीला मात्र गजपंथावर जातो. उपवास असेल तर खालच्या मंदिरातूनच दर्शन घेतो. नसेल त्या दिवशी पायऱ्या चढतो. वाटेत दम लागला तर बसतो. बाटलीतले पाणी पितो, आणि कोणी विचारले तर सांगतो, दम लागला आहे.